बेटी लव्हेट आणि मावशीची कॅसेट

१८ जानेवारी २००९. रविवार होता. आम्ही तेव्हा डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय नावाच्या उपनगरात राहायचो. बाहेर बर्फ, आणि घरात त्याहून गार शांतता. नाताळच्या आधीच्या आठवड्यात नवऱ्याची नोकरी गेली होती. मोटारींचे सुटे भाग बनवणारी कंपनी, त्यामुळे नवल असं काही नव्हतं. त्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत हेच चालू होतं. पण आपल्या घरी झालं की नवल वाटतंच. माझी नोकरी शाबूत होती, कधीपर्यंत ते कुणी सांगत नव्हतं. लेक पाच वर्षांची. तिच्यासमोर या विषयावर बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी टीव्ही लावून गप्प बसायचो.

दोन दिवसांनी ओबामांचा शपथविधी होता. त्यानिमित्त वॉशिंग्टनला लिंकन मेमोरियलच्या पायऱ्यांवर मोठा जलसा चालला होता. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टीव्ही वंडर, बियॉन्से, यू-टू... नावं वाचूनच दमायला होईल अशी यादी. मी भाजी निवडत अर्धवट बघत होते. मग जॉन बॉन जोवी आला. हा आमच्या कॉलेजच्या दिवसांतला, त्यामुळे मान वर केली. त्याच्याबरोबर एक काटकुळी, साठीतली काळी बाई उभी होती. गाणं सॅम कुकचं, १९६४ सालचं 'अ चेंज इज गॉना कम'. अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याशी कायमचं जोडलं गेलेलं गाणं.

बाईंनी तोंड उघडलं आणि माझ्या हातातली मेथीची जुडी हातातच राहिली.

आवाज गोड नव्हता. घोगरा, थोडा खरवडलेला, वापरून वापरून कडा झिजलेला. पण ती जे म्हणत होती ते तिला माहीत होतं. गाणं पाठ असणं आणि गाण्यातलं माहीत असणं यात फरक असतो ना, तसं. मी नवऱ्याला विचारलं, "कोण रे ही?" तो म्हणाला, "बॉन जोवी." :-)

खाली नाव आलं होतं ते वाचायचं राहून गेलं.

सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग दिनाची सुट्टी. मंगळवारी ऑफिसात शेजारच्या क्यूबिकलमधल्या बाईंना विचारलं. त्या जन्मापासून डेट्रॉइटच्या, निवृत्तीला आलेल्या, आणि आमच्या मजल्यावर मला ज्यांच्याशी मोकळेपणी बोलता यायचं अशा दोन-तीन माणसांपैकी एक. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पुण्यात राहून शनिवारवाडा कुठे आहे असं विचारलं. म्हणाल्या, "ती बेटी आहे. बेटी लव्हेट. आमची आहे ती." मला आधी 'बेटी' ऐकून हसूच आलं. आपली लेकच झाली की! त्यांनी तिला ऐंशीच्या दशकात गावातल्या छोट्या क्लबांत ऐकलेलं होतं, समोर वीस-पंचवीस माणसं असताना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक सीडी आणून दिली. वर नाव, 'चाइल्ड ऑफ द सेव्हन्टीज'. देताना बजावलं, "भांडी घासता घासता ऐकू नकोस हं. बसून ऐक."

त्या सीडीबद्दल लिहायचं कितीतरी दिवस मनात आहे. मी सोल संगीतातली जाणकार वगैरे मुळीच नाही. माझं कानांचं खाणं म्हणजे नाट्यसंगीत, भावगीतं आणि विविध भारती. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

*

बेटीचा जन्म १९४६ सालचा, मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावचा, वाढली डेट्रॉइटमध्ये. जन्मनाव बेटी जो हॅस्किन्स. सोल गाणाऱ्या बहुतेक बायकांची चरित्रं चर्चमध्ये सुरू होतात. त्याच शहरातल्या अरीथा फ्रँकलिनचे वडील तर नामांकित धर्मोपदेशक. बेटीचं तसं नव्हतं. तिचे आईवडील मस्कीगनच्या घरात चोरून दारू विकायचे. बैठकीच्या खोलीत ज्यूकबॉक्स होता, आणि येणारे-जाणारे गायक तिथे घसा ओला करायला थांबायचे. म्हणजे इतर मुली देवाची गाणी ऐकत वाढल्या तेव्हा ही पोर माणसांची गाणी ऐकत वाढली. तिच्या गाण्यात ते कळतं. ती वर बघून गात नाही, समोर बघून गाते.

१९६२ साली, सोळाव्या वर्षी, तिची पहिली तबकडी आली आणि चांगली चालली. १९६५ साली 'लेट मी डाऊन ईझी' आलं. ते आजही तिचं ओळखीचं गाणं. मग इकडे एक तबकडी, तिकडे एक, आज ही कंपनी, उद्या ती. हे सगळं एकेका गाण्याचं. पूर्ण आल्बम मात्र कुणी काढेना. ज्या गायिकेचा आल्बम नाही ती म्हणजे आपल्याकडच्या भाषेत 'कार्यक्रमात मध्ये एक गाणं म्हणणारी'.

१९७२ साली तो योग आला. अटलांटिक या मोठ्या कंपनीच्या ॲटको या लेबलने तिला करारबद्ध केलं आणि आल्बम करायला अलाबामा राज्यात मसल शोल्सला पाठवलं. टेनेसी नदीकाठचं हे अगदी आडगाव. पण १९६९ साली चार वादकांनी तिथे स्वतःचा स्टुडिओ थाटला होता: बॅरी बेकेट कीबोर्डवर, रॉजर हॉकिन्स ड्रम्सवर, डेव्हिड हूड बेस गिटारवर आणि जिमी जॉन्सन गिटारवर. चौघंही गोरे, आणि काळ्या गायकांच्या मागे त्यांच्यासारखं कुणी वाजवत नाही अशी ख्याती. रोलिंग स्टोन्ससुद्धा तिथे येऊन ध्वनिमुद्रण करून गेले होते. बेटीच्या आल्बमचा निर्माता होता ब्रॅड शापिरो. बारा गाणी झाली. ती सव्वीस वर्षांची होती.

त्या आठवड्यात मी सीडी बसून ऐकली. लेक झोपल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, हेडफोन लावून.

पहिलंच गाणं 'इट एन्ट ईझी'. सोपं नाहीये. पुढे ऐकत गेले तेव्हा कळलं की या आल्बमच्या दारावरची पाटी हीच आहे. त्या चौघांच्या वाजवण्यात घाई अजिबात नाही. ड्रम्स आणि बेस एकमेकांना धरून चालतात, दोन म्हाताऱ्या मैत्रिणी बाजारात निघाल्यासारख्या, आणि बेटी त्यांच्या थोडी पुढे, थोडी मागे. ती तालाच्या आधी शब्द टाकत नाही. थांबते. आपल्याला वाटतं हुकलं, आणि तेवढ्यात शब्द येतो.

या आल्बमचा प्राण माझ्या मते 'युवर टर्न टू क्राय'. आता रडायची पाळी तुझी. हे गाणं आधी जो सायमन या गायकाने १९७० साली थोड्या वेगळ्या नावाने गायलेलं, आणि ते गाजलंही होतं. पुरुषाने म्हटलं की ते तक्रार वाटतं. बेटी म्हणते तेव्हा वाटतं की या बाईने पुष्कळ दिवस हिशोब लिहून ठेवला आहे आणि आज वही उघडली आहे. मागे व्हायोलिनं, ब्रास, सगळा थाट आहे, पण ती त्या थाटाला जुमानत नाही. वरच्या पट्टीत जाते तेव्हा आवाज फाटतो. बेगम अख्तरांच्या आवाजाला पत्ती लागायची म्हणतात ना, ऐन भावनेच्या जागी आवाज चिरायचा आणि रसिक त्या एका चिरेसाठी रात्रभर बसायचे, तसलं काहीतरी. फरक इतकाच की बेगमसाहेबांची पत्ती नाजूक, ही बाई कापडच टरकावते.

'सुव्हेनिअर्स' हे त्याच्या अगदी उलट. जुन्या आठवणींचं गाणं, आणि ते ती जवळजवळ बोलल्यासारखं गाते. सव्वीस वर्षांच्या मुलीला एवढ्या आठवणी कुठून, असा प्रश्न पडतो. मग हिशोब केला की दहा वर्षांत किती कंपन्या पालथ्या घातल्या तिने, आणि उत्तर मिळालं.

सीडीवर जोडगाण्यांत नील यंगचं 'हार्ट ऑफ गोल्ड'ही आहे. नील यंगचं मूळ गाणं त्याच १९७२ साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं. तो सोन्याचं मन शोधत हिंडणारा हळवा मुलगा वाटतो. बेटीला हळवं व्हायला वेळ नाही. ती शोधत नाही, मागते. स्वतः गाणी न लिहिणारी गायिका दुसऱ्याचं गाणं 'आपलं' कसं करते ते बघायचं असेल तर ही दोन्ही एकापाठोपाठ ऐका.

सगळीच गाणी सारख्या तोलाची आहेत असं मी म्हणणार नाही. ज्योतिषाचं एक गमतीचं गाणं आहे, 'फॉर्च्युन टेलर'. मला ते नाही भावलं. एक-दोन ठिकाणी वाद्यमेळ जरा जास्तच झालाय. पण एकंदर आल्बमला एक धग आहे. दहा वर्षं दारात उभ्या असलेल्या माणसाला आत बोलावल्यावर तो जसा बोलेल, तसा.

*

आता खरी गोष्ट. हा आल्बम १९७२ साली आलाच नाही.

त्यातली एखाददुसरी तबकडी निघाली, चालली नाही, आणि कंपनीने आल्बम काढायचा विचार रद्द केला. प्रसिद्धीच्या दौऱ्याची विमानाची तिकिटं तिच्या हातात होती. ती परत करा म्हणून सांगण्यात आलं. धड कारण कुणी दिलं नाही. बेटीने २०१२ साली आलेल्या आत्मचरित्रात हे सगळं सांगितलंय. ती बातमी ऐकून ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि काही दिवस तिथून बाहेर आलीच नाही.

टेबलाखाली. हे मी वाचलं तेव्हा आम्ही भारतात परतलो होतो, तरी मला ते ट्रॉयचं स्वयंपाकघरातलं टेबल दिसलं आणि शेजारी नवरा. नोकरी गेल्यावर तो टेबलाखाली बसला नव्हता, पण तळघरात जाऊन बसायचा. काय करतोस विचारलं तर म्हणायचा, "आवरतोय." दोन महिने एक तळघर किती आवरणार?

पुढे १९७८ साली न्यू जर्सीत अटलांटिकच्या गोदामाला आग लागली आणि तिथल्या असंख्य टेप जळाल्या. बेटीची टेपही त्यातच गेली असं सगळे धरून चालले. तीही धरून चालली.

मग ती काय करत होती? गात होती. 'बबलिंग ब्राउन शुगर' या संगीत नाटकाचे वर्षानुवर्षं दौरे केले. एक डिस्को गाणं केलं. १९८२ साली, पहिल्या तबकडीनंतर तब्बल वीस वर्षांनी, तिचा पहिला आल्बम निघाला. तोही फार पुढे गेला नाही. मग पुन्हा डेट्रॉइटचे क्लब. जिम लुइस नावाचे तिचे व्यवस्थापक होते, स्वतः ट्रम्पेट वाजवणारे. त्यांनी तिला तरुणपणीच सांगितलं होतं की तू कदाचित तारका होणार नाहीस, पण नीट गायला शिकलीस तर मरेपर्यंत गाऊन पोट भरशील. तिला तेव्हा त्यांचा राग यायचा. पण शिकली. आणि तेच तिला पुरलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जिल पेतार्द नावाचा एक फ्रेंच संग्राहक या टेपच्या मागे लागला. त्याने अटलांटिककडे चौकशी केली, शोधायला लावलं, आणि टेप सापडली! जळालेली नव्हतीच. त्याने हक्क घेऊन २००० साली फ्रान्समध्ये आपल्या छोट्या लेबलवर ती 'सुव्हेनिअर्स' नावाने काढली. अठ्ठावीस वर्षं. मूळ नावाने अमेरिकेत निघायला २००६ साल उजाडलं. माझ्या हातात होती ती हीच.

त्या शोधानंतर तिच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. २००५ साली एका चांगल्या कंपनीने तिचा नवा आल्बम काढला, सगळी गाणी बायकांनी लिहिलेली. २००७ साली ती पुन्हा मसल शोल्सला गेली. या वेळी साथीला ड्राइव्ह-बाय ट्रकर्स हा रॉक बँड, ज्यातला पॅटरसन हूड हा १९७२ साली तिच्यामागे बेस वाजवणाऱ्या डेव्हिड हूडचा मुलगा. आल्बमचं नाव ठेवलं 'द सीन ऑफ द क्राइम'. गुन्ह्याची जागा! बाईंचा विनोद मला फार आवडतो. आणि मग २००९च्या जानेवारीतला तो रविवार, लिंकनच्या पायऱ्या, आणि इकडे माझ्या हातात मेथी.

इथे 'देर है पर अंधेर नहीं' असं काहीतरी लिहून संपवायचा मोह होतो. पण मला तसं वाटत नाही. सव्वीसाव्या वर्षी गायलेलं लोकांनी तिच्या चोपन्नाव्या वर्षी ऐकलं. मधली अठ्ठावीस वर्षं कुणी परत आणून दिली नाहीत. आणि गुण असले की चीज होतंच असंही नाही. ती टेप आपोआप वर आली नाही. एका माणसाने 'जळाली म्हणतात, पण कुणी बघितलंय का?' असं विचारलं म्हणून ती सापडली.

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितेय. कारण आता मला मावशीकडे यायचंय.

*

घरातल्यांना मावशी माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. माझी ही मावशी सांगलीला शाळेत शिक्षिका होती आणि गायची. नुसतं हौसेचं नाही, तालमीचं गाणं. गणेशोत्सवात, कोजागरीला, शाळेच्या स्नेहसंमेलनात तिचं गाणं ठरलेलं. १९८८ साली पुण्याच्या एका छोट्या कॅसेट कंपनीने तिची आठ भावगीतं ध्वनिमुद्रित केली. कविता तिच्याच शाळेतल्या एका सरांच्या, चाली तिच्या. दोन दिवस स्टुडिओ. कव्हरसाठी फोटो काढला, मोरपंखी साडीतला. आम्ही पेढे खाल्ले. मी चौदा वर्षांची होते, मैत्रिणींना सांगत सुटले होते.

कॅसेट आली नाही. आधी दिवाळीला येणार होती, मग पाडव्याला, मग कंपनीचा फोन लागेना. नंतर कळलं की कंपनीच बंद झाली. टेपचं काय झालं, कुणाला ठाऊक नाही. 'गेली' एवढंच सगळे म्हणायचे.

आता लिहायला जड जाणारा भाग. त्यानंतर दोन-तीन वर्षं, कुठल्याही लग्नामुंजीत मावशी दिसली की कुणी ना कुणी विचारायचंच, "काय मग, कॅसेट कधी येतेय?" सुरुवातीला खरोखर चौकशी होती. मग ती थट्टा झाली. 'मावशीच्या कॅसेटसारखं' हा आमच्या घरात वाक्प्रचार झाला: दुधवाला आला नाही, एसटी आली नाही, पाहुणे आले नाहीत की म्हणायचं, मावशीची कॅसेट झाली! हा वाक्प्रचार काढला कुणी? मी. मामेभावंडांत मी फार विनोदी गणली जायचे तेव्हा. एका लग्नात मी तो सगळ्यांसमोर म्हटला आणि हशा पिकला. मावशीही हसली, आणि वाढायला म्हणून आत गेली. तेव्हा मला एवढंच दिसलं की ती हसली.

तिने पेटी माळ्यावर टाकली ती त्याच सुमारास. नंतर कुणी आग्रह केला तर "घसा बरा नाही" म्हणायची. तीस-पस्तीस वर्षं घसा बरा नाही.

ट्रॉयच्या त्या टेबलाशी बसून 'युवर टर्न टू क्राय' ऐकताना मला मावशी आठवली का? खोटं कशाला सांगू, नाही आठवली. तेव्हा मला फक्त आमचं दुखणं दिसत होतं. मावशी आठवली ती फार उशिरा, बेटीचं पुस्तक वाचताना, त्या टेबलाच्या पानाशी. पुस्तक मिटलं आणि पहिल्यांदा डोक्यात आलं की मावशी त्या लग्नात आत गेली ती वाढायला गेली नव्हती.

तरी तिच्याशी बोलायला मला आणखी कितीतरी वर्षं लागली. मागच्या दिवाळीत मिरजेला गेले होते. मावशी आता मुलाकडे असते. पंचाहत्तरी ओलांडली, गुडघे दुखतात, कान मात्र शाबूत. दुपारी सगळे झोपले होते. मी म्हटलं, "मावशी, एक गाणं ऐकवू?" मोबाइलवर लावलं. हेडफोन तिला आवडत नाहीत, म्हणून फोन वाटीत ठेवला, आवाज मोठा व्हावा म्हणून.

तिने डोळे मिटून ऐकलं. इंग्रजी शब्द तिला कळत होते, शिक्षिका होती ती. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव." दुसऱ्यांदा ऐकताना तिचा हात मांडीवर चालू झाला. मग म्हणाली, "श्वास बघ कुठे घेते. वाक्य संपल्यावर नाही घेत. मध्येच घेते, आणि घेतल्याचं कळू देते. आम्हाला असं केलं की रट्टा मिळायचा." थोडं थांबून, "पण तिला तिथेच घ्यायला हवा. बरोबर आहे."

मी तिला सगळी गोष्ट सांगितली. १९७२, तिकिटं, टेबल, आग. आगीपर्यंत ती शांतपणे ऐकत होती. फ्रेंच माणसाला टेप सापडली म्हटल्यावर एकदम म्हणाली, "सापडली म्हणजे? जळाली होती ना?"

"नव्हती जळाली. कुणी बघितलंच नव्हतं."

मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्याकडे एक होती."

मला कळेचना. तिने सांगितलं की दुसऱ्या दिवशी निघताना ध्वनिमुद्रण करणाऱ्या मुलाने तिला आठही गाण्यांची एक कच्ची कॉपी करून दिली होती. साधी साठ मिनिटांची कॅसेट, वर निळ्या शाईत तिच्याच अक्षरात नाव. ती तिने जपून ठेवली होती. १९८९ साली नागपूरच्या लग्नात कुणीतरी "कॉपी करून परत देतो" म्हणून मागून घेतली. कुणी, ते तिला आता नक्की आठवत नाही. तीही परत आली नाही.

"मग मागितली का नाहीस?"

मावशी हसली. "कशी मागणार गं? कॅसेट म्हटलं की तुम्ही सगळे हसायचात."

त्यावर मला काही बोलता आलं नाही. पस्तीसेक वर्षांनी मी तिची माफी मागितली. तिने "चल, चहा टाक" म्हणून विषय संपवला. चहा पिताना मात्र परत एकदा म्हणाली, "त्या बाईचं ते गाणं मला पाठवून ठेव."

*

तर मंडळी, आता काम सांगते. जे १९८९च्या नागपूरच्या लग्नाला होते त्यांनी, आणि ज्यांचे आईवडील होते त्यांनी, कृपा करून घर बघा. माळ्यावरचे खोके, बिस्किटांचे डबे, कपाटाचा तो खालचा खण जिथे जुने चार्जर आणि लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट पडलेल्या असतात. साधी साठ मिनिटांची कॅसेट, निळी शाई. वर दुसरंच काही लिहिलेलं असलं तरी टाकून देऊ नका. त्या काळी आपण सगळ्यावर सगळं टेप करायचो. तिची आणखी कुणी कॉपी केली असेल तर तीही चालेल. बुरशी आली असेल, फीत तुटली असेल, तरी चालेल. फीत जोडता येते, बुरशी काढणारे लोकही आहेत. सापडली तर घरच्या टेपरेकॉर्डरवर लावून बघायचा मोह मात्र टाळा. जुनी फीत गुंडाळली गेली तर संपलंच. मला फोन करा, मी स्वतः न्यायला येईन.

'ती कधीच गेली असेल गं' असं म्हणणाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवते, बघितल्याशिवाय म्हणू नका.

हे लिहू का असं मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, "लिही, माझं नाव मात्र घालू नकोस." म्हणून घातलं नाही. आणि समजा सापडली तर, असं विचारल्यावर म्हणाली, "मला ऐकवायची घाई करू नका. आधी तुम्ही सगळे बसून ऐका. न हसता."

कॅसेट सापडेपर्यंत बेटी लव्हेट ऐका. 'युवर टर्न टू क्राय'पासून सुरू करा. आणि हो, भांडी घासता घासता नको. बसून.